किडनी ट्रान्सप्लांट, नवी डोकेदुखी आणि फिट : एमआरआय नॉर्मल, तरी पाठीतलं पाणी का काढायचं?

मधुरा_कराड

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज घाईत लिहितेय. चुका समजून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४१. तीन वर्षांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, आईने किडनी दिली. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू आहे. क्रिएटिनिन १.३ च्या आसपास, साखर नाही, रोज कामावर जात होता. गेले तीनेक आठवडे डोकं दुखतंय. आधी नुसतं कपाळ, मग सगळंच डोकं. पहाटे जास्त, आडवं झालं की वाढतं, खोकला आला की दोन्ही हातांनी डोकं धरतो. मध्ये सकाळी उठल्या उठल्या उलट्याही झाल्या. ताप अजिबात नाही. इथल्या डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग चष्म्याचा नंबर तपासा म्हणाले, मग मायग्रेनचं औषध.

परवा रात्री जेवताना हातातला घास पडला, मान एका बाजूला वळली आणि फिट आली. दोन-एक मिनिटं असेल. जवळच्या हॉस्पिटलात शिरेतून फेनिटॉइन दिलं, साधा सीटी केला, नॉर्मल. मग ट्रान्सप्लांट जिथे झालं तिथे, पुण्याला हलवलं. एमआरआयच्या शेवटी 'विशेष दोष नाही' असं लिहिलंय. मध्ये एक ओळ आहे, 'बेसल गँग्लियामध्ये पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस ठळक'. सोडियम १२९. आला तेव्हा बीपी १६०/१००, आता ठीक आहे. शुद्धीवर आहे, बोलतो, पण जरा मंद वाटतो.

न्यूरोवाले डॉक्टर म्हणतात उद्या सकाळी पाठीतलं पाणी काढायचं. काका अडून बसलेत. त्यांच्या मते पाठीत सुई घातली की माणूस कायमचा लुळा पडतो, आणि मेंदूचा फोटो चांगला आलाय तर पाठीला हात लावायचाच कशाला? आई त्यांच्याच बाजूने. सही वहिनीची लागणार आहे आणि ती माझ्याकडे बघतेय. कुणाला अनुभव आहे का?

चहाबाज

काळजी घ्या. अनुभव नाही, पण धागा वर ठेवतो म्हणजे जाणकारांच्या नजरेस पडेल.

घाटावरचा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मोठ्या हॉस्पिटलांत पेशंट आला की टेस्टची यादी तयारच असते. सीटी झाला, एमआरआय झाला, दोन्ही चांगले आले, आता पाणी. उद्या आणखी काहीतरी. आधी दुसरीकडे रिपोर्ट दाखवा, मग सही करा.

टॅक्रोताई

@घाटावरचा, साध्या माणसाच्या डोकेदुखीला तुमचं म्हणणं चालून गेलं असतं. इथे नाही. माझंही ट्रान्सप्लांट झालंय, सहावं वर्ष. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी जो कागद देतात त्यात लिहिलेलं असतं की नवी डोकेदुखी, उलटी, फिट, दिसण्यात फरक यातलं काहीही झालं तर गल्लीतल्या डॉक्टरकडे वेळ न घालवता ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचा.

मधुरा, दोन गोष्टी लगेच बघ. फेनिटॉइन दिलंय हे तिथल्या नेफ्रॉलॉजिस्टना माहीत आहे ना? ते यकृताला कामाला लावतं आणि टॅक्रोलिमस भराभर मोडून टाकतं, लेव्हल खाली येते. मग किडनी रिजेक्ट व्हायची भीती. आमच्या ओपीडीत एकाला बाहेर फिटसाठी कार्बामाझेपिन चालू केलं होतं, तिथेही तेच झालं. आम्हा लोकांना सहसा लेव्हेटिरासिटाम देतात, त्याची या औषधांशी भांडणं होत नाहीत. दुसरं, टॅक्रोची लेव्हल सकाळच्या गोळीच्या *आधी* घेतलीय का? गोळी घेऊन दोन तासांनी रक्त काढलं की आकडा भलताच येतो आणि सगळे त्याच्या मागे धावतात.

सिन्नरचा_बंड्या

टॅक्रोलिमस + बीपी वाढलेलं + फिट = प्रेस (PRES). गूगल करा. टॅक्रोलिमसमुळे मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, डोस कमी केला आणि बीपी आणलं की आपोआप जातं. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं. पाणीबिणी काही काढायला नको.

जांभूळपान

बंड्या, एमबीबीएस कधी झालास?

सिन्नरचा_बंड्या

मेहुणा ट्रान्सप्लांटचा आहे माझा, सासुरवाडीत रात्री हेच बोलतात सगळे. 😄 पण सांगा ना, चूक काय आहे त्यात?

न्यूरोनंदू

चूक काही नाही, यादीत ते असायलाच हवं. मी न्यूरोलॉजिस्ट आहे. पेशंट मी पाहिलेला नाही, तेव्हा जे लिहितोय ते विचार कसा करतात एवढ्यापुरतंच धरा. निर्णय समोरच्या डॉक्टरांचा.

अशा पेशंटमध्ये आम्ही सगळ्यात आधी विचारतो, हे किती दिवसांत वाढलं? प्रेस तासांत किंवा फार तर काही दिवसांत येतो. बीपी चढतं, डोकं फुटायला येतं, डोळ्यांपुढे अंधारी, फिट. आणि एमआरआयवर बहुधा मागच्या बाजूला सूज दिसते. तीन आठवडे हळूहळू चढत गेलेली, पहाटे आणि आडवं झाल्यावर वाढणारी, उलटी आणणारी डोकेदुखी हे प्रेसचं वागणं नव्हे. ते कवटीच्या आतला दाब वाढल्याचं लक्षण आहे. बीपीचा १६०/१०० हा आकडा फिटनंतर घेतलाय, तेव्हा कुणाचंही वाढलेलं असतं.

दुसरा प्रश्न, प्रतिकारशक्तीची कुठली फळी पाडली आहे? 'इम्युनिटी कमी' असं सरसकट म्हणून भागत नाही. केमोनंतर पांढऱ्या पेशी पडल्या की जिवाणू आणि ॲस्परजिलससारख्या बुरशा शिरतात. प्लीहा काढलेल्यांना न्यूमोकॉकसची भीती. ट्रान्सप्लांटची औषधं मुख्यतः टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) दाबतात. टी-पेशी दाबल्या की क्रिप्टोकॉकस ही बुरशी, टीबी, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, नोकार्डिया आणि लिस्टेरिया हे जिवाणू, जेसी विषाणू आणि ईबीव्ही या विषाणूमुळे होणारा लिम्फोमा, म्हणजे एक कॅन्सर, अशी मंडळी रांगेत येतात. एचआयव्हीमध्येही हीच फळी पडते, म्हणून दोन्हीकडच्या याद्या बऱ्याचशा सारख्या. त्यातही ट्रान्सप्लांटनंतरचा पहिला महिना हॉस्पिटलातल्या जंतूंचा असतो. क्रिप्टोकॉकस सहसा उशिरा येतो, बऱ्याचदा वर्ष उलटून गेल्यावर.

आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्टेरॉइडवर असलेल्या माणसात चोर घरात शिरलेला असतो पण कुत्र्याला आधीच झोपेचं औषध दिलेलं असतं, भुंकणार कोण? मान कडक होत नाही, ताप येत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही शांत असतात.

आता एमआरआय. गाठ, गळू, मोठी सूज, रक्तस्राव हे तो दाखवतो. मेंदूच्या आवरणांतला बुरशीचा संसर्ग तो दाखवेलच असं नाही. क्रिप्टोकॉकसच्या कितीतरी पेशंटचे स्कॅन जवळजवळ नॉर्मल असतात. तुम्ही लिहिलेली ती पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेसची ओळ मला मात्र डाचतेय. या बुरशीच्या भोवती बुळबुळीत आवरण असतं, ती रक्तवाहिन्यांभोवतीच्या त्या फटींमध्ये साठते आणि फटी फुगतात. साध्या माणसातही, विशेषतः वयाबरोबर, त्या ठळक दिसू शकतात, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याने सहज उल्लेख करून सोडलं असेल. या पेशंटमध्ये मी ती ओळ दोनदा वाचली असती. फिल्म घेऊन रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून बघायला सांगा, त्यांना पूर्ण हकीकत सांगा. नुसतं 'फिट' एवढंच लिहून पाठवलं की रिपोर्टही तेवढाच येतो.

मधुरा_कराड

डॉक्टर, मनापासून आभार. टॅक्रोताई, फेनिटॉइनचं इथे आल्या आल्या सांगितलं होतं, त्यांनी ते बंद करून लेव्हेटिरासिटामच लावलंय. लेव्हल उद्या पहाटे, गोळीच्या आधी घेणार आहेत.

पण लुळं पडण्याचं काय? काका त्याच एका मुद्द्यावर आहेत.

न्यूरोनंदू

मज्जारज्जू कमरेच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये जाते. तिथे फक्त पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात, सुई आली की ते बाजूला सरकतात. सिझेरियनला भूल देताना सुई तिथेच घालतात. काकांना विचारा, घरातल्या किती बायका त्यानंतर लुळ्या पडल्या.

खरी काळजी वेगळी. मेंदूत मोठी गाठ किंवा एकतर्फी दाब असेल तर पाणी काढणं धोक्याचं. म्हणूनच प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत आणि नव्याने फिट आलेल्यांत आधी स्कॅन करतात. म्हणजे तुमचा एमआरआय चांगला आला याचा अर्थ पाणी काढायची गरज संपली असा नाही, पाणी काढायला वाट मोकळी झाली असा आहे. बाकी प्लेटलेट किती आहेत, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत का, हे ते बघतीलच. नंतर एक-दोन दिवस उठून बसल्यावर डोकं दुखू शकतं.

ओवी७

सिझेरियनचा मुद्दा जबरी. काका गार.

भातुकली

आमच्याकडे आईला ल्युपस आहे, स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेटवर असते. तिलाही अशीच फिट आली होती, एमआरआयमध्ये कडेने चमकणाऱ्या छोट्या गोल गाठी दिसल्या. आम्ही कॅन्सरच धरून बसलो होतो. शेवटी ट्युबरक्युलोमा, म्हणजे मेंदूतला टीबी निघाला. तो कळला कसा, तर छातीचा सीटी केला आणि तिथल्या लिम्फ नोडमधून सुईने नमुना घेतला. डोक्याच्या दुखण्याला छातीचा सीटी कशाला म्हणून बाबा तेव्हा खूप चिडले होते.

आपल्याकडे कुठलंही कोडं असो, आधी टीबी बघावा.

न्यूरोनंदू

@भातुकली, फार महत्त्वाचा मुद्दा. मेंदूतून तुकडा काढण्यापेक्षा फुफ्फुस, लिम्फ नोड, कातडीवरची पुळी इथून काढणं केव्हाही सोपं. नोकार्डिया, क्रिप्टोकॉकस, टीबी तिघेही बहुधा फुफ्फुसातून शिरतात आणि तिथे खूण ठेवून जातात. मधुराताई, भावाच्या अंगावर कुठे नवी गाठ, फोड, न भरणारी जखम आहे का तेही नीट बघायला सांगा. कपडे काढून. गंमत नाही, पुष्कळदा निदान पाठीवर बसलेलं असतं आणि कुणी सदरा वर केलेला नसतो.

टीबीला पहिला मान द्यायचा हे मान्य, पण शहानिशा न करता टीबीची औषधं चालू करू नका. रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल फेनिटॉइनपेक्षाही जोरात पाडतं.

नागपुरी_संत्रं

कोबीतली अळी राहिली का? आमच्या भाच्याला फिट आली होती, सीटीत एक ठिपका, डॉक्टर म्हणाले कृमी. तेव्हापासून आमच्या घरी कोबी बंद. मंचुरियन पण.

न्यूरोनंदू

कोबीची बिचारीची काय चूक? तिच्या पानातली हिरवी अळी आणि मेंदूतला सिस्ट यांचा काही संबंध नाही. ती टेपवर्मची अंडी असतात. पोटात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात, न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजीतून आपल्या पोटात जातात. म्हणून डुकराचं मटण कधी न खाल्लेल्या शाकाहारी लोकांनाही न्यूरोसिस्टिसरकोसिस होतो. भारतात एरवी धडधाकट तरुणाला पहिली फिट आली आणि स्कॅनमध्ये एकच छोटी गाठ दिसली तर हा विचार आधी येतो. वेल्लोरच्या न्यूरोसर्जन मंडळींनी या एका गाठीवर मोलाचं काम केलंय, त्यामुळे किती जणांची विनाकारण ऑपरेशनं आणि टीबीची औषधं टळली. पण इथे गाठ नाही, त्यामुळे सध्या तो मागे.

नागपुरी_संत्रं

म्हणजे मंचुरियन चालू? 😀

जांभूळपान

कोबी शिजवून खा आणि हात धुवा. धाग्यावर या परत.

पुनर्वसू

मी इथे सहसा वाचनमात्र असतो, पण या विषयावर लिहायला हवं. मी एचआयव्हीसोबत जगतोय, एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) सेंटरची औषधं चालू आहेत, तब्येत उत्तम. सुरुवात मात्र डोकेदुखीनेच झाली होती. तेव्हा मला एचआयव्ही आहे हेच माहीत नव्हतं. डोकं, मग डाव्या हाताला मुंग्या, मग एसटी स्टँडवर फिट. लोकांनी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात चावी घातली, दात तुटला. स्कॅनमध्ये तीन-चार गाठी होत्या. एका डॉक्टरीणबाईंनी एचआयव्हीची टेस्ट करायची का विचारलं तेव्हा मला राग आला होता. सीडी४, म्हणजे टी-पेशींचा आकडा, फक्त ४२ निघाला. टॉक्सोप्लाझ्मा.

त्यावर त्यांनी डोकं उघडलं नाही. औषध चालू केलं आणि दोन आठवड्यांनी परत स्कॅन करून गाठी लहान झाल्या का ते पाहिलं. झाल्या. नसत्या झाल्या तर बायोप्सी, कारण तशाच दिसणाऱ्या गाठी लिम्फोमाच्याही असतात. मला आठवतंय, बाईंनी ज्युनिअरला बजावलं होतं की अगदीच अडल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नको, लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने तात्पुरता वितळतो आणि मग बायोप्सीत काही सापडत नाही.

हे लिहिण्याचं कारण, ज्याला प्रतिकारशक्तीचा काहीही ज्ञात आजार नाही अशा माणसाला असं काही झालं, तर एचआयव्ही टेस्ट यादीत हवीच. लाजण्यासारखं त्यात काही नाही. औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

ओवी७

पुनर्वसू, लिहिलंत हे फार बरं केलंत.

टॅक्रोताई

+१. आणि ते चप्पल, कांदा, चमचा प्रकरण एकदाचं सगळ्यांनी डोक्यातून काढा. फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली, किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरी आली, तर थेट अ‍ॅम्ब्युलन्स. ट्रान्सप्लांटवाल्याची पहिलीच फिट असेल तर पाच मिनिटंही थांबू नका.

आरोग्यमंदिर

या सगळ्याचं मूळ प्रतिकारशक्ती कमी असण्यात आहे. गुळवेलीचा काढा रोज सकाळी सुरू करा, सोबत अश्वगंधा. प्रतिकारशक्ती वाढली की जंतू राहणारच नाहीत.

टॅक्रोताई

अहो, त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवली आहे! ती वाढली तर ती पहिल्यांदा आईच्या किडनीवर धावून जाईल. त्यासाठीच तर ही महागडी औषधं. आणि आपल्याकडच्याच डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवले आहेत. कृपया इथे काढे सुचवू नका. घरगुती पदार्थसुद्धा आम्ही विचारून खातो. गणपतीत फुलोऱ्याला बांधलेलं पपनस मी हातही लावत नाही, त्याने टॅक्रोची लेव्हल चढते.

चहाबाज

पपनस?! हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या सासऱ्यांचंही ट्रान्सप्लांट झालंय आणि कोकणातून पेटी येते.

टॅक्रोताई

पेटी तुम्ही संपवा. त्यांना मोसंबीबद्दलही डॉक्टरांना विचारायला सांगा, पण पपनस आणि ग्रेपफ्रूट नक्की नाही.

लॅबवाली

मी मायक्रोबायोलॉजीत आहे, म्हणजे ते 'पाठीतलं पाणी' येतं ते आमच्याकडे. @घाटावरचा यांना वाटतं तसं ते बिल वाढवायला नसतं. एका नळीतून पेशी, दुसरीतून साखर आणि प्रथिनं, तिसरीतून कल्चर. टीबीसाठी जीनएक्सपर्ट. क्रिप्टोकॉकससाठी अँटिजेनची पट्टी, काही मिनिटांत उत्तर. आणि जुना, स्वस्त इंडिया इंकचा प्रकार. काचेवर पाण्याचा एक थेंब, त्याला लागून शाईचा थेंब, वर कव्हरस्लिप. शाईचे कण बुरशीच्या आवरणातून आत जाऊ शकत नाहीत, त्यामुळे काळ्या मैदानात मधेच गोल पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ रिकामं वलय दिसतं. एखादीला बाजूने छोटीशी कळी फुटलेली असते, ती दिसली की मग शंका राहत नाही, नाहीतर पांढरी पेशीसुद्धा फसवते. पाणी मात्र बाहेरून बघायला नितळ असतं, कधी पेशीही मोजक्याच. म्हणून 'पाणी स्वच्छ आलंय' असं ऐकून नातेवाईक सुटकेचा निःश्वास सोडतात तेव्हा आम्ही काही बोलत नाही.

मधुरा, एक विनंती. पाणी काढतील तेव्हा दाब मोजायला सांग. आडवं, कुशीवर झोपवून, काचेची किंवा प्लॅस्टिकची उभी नळी लावून मोजतात. घाईत राहून जातं.

घाटावरचा

ठीक आहे, बिलाचं मागे घेत नाही पण या केसपुरतं मान्य. प्रश्न मात्र आहे : ती अँटिजेनची पट्टी रक्तावर होत नाही का? होत असेल तर पाठ कशाला?

लॅबवाली

होते. आणि करायलाच हवी, आज रात्रीच. पाणी उद्या काढणार असतील तर तोवर तेवढं तरी कळेल. पण रक्तात निगेटिव्ह आली म्हणून मेंदूत नाहीच असं ट्रान्सप्लांटवाल्यांत म्हणता येत नाही. आणि पॉझिटिव्ह आली तरी मेंदूत दाब किती आहे ते रक्त सांगत नाही.

न्यूरोनंदू

नेमकं हेच लिहायला आलो होतो. या आजारात माणूस दगावतो किंवा डोळे जातात ते बऱ्याचदा दाबामुळे. बुरशी आणि तिचं आवरण पाणी शोषून घेणाऱ्या जागा बुजवतात, पाणी तुंबतं. दाब २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढणं हाच उपचार, गरज पडली तर रोज. डोकेदुखी त्या टेबलावरच उतरलेली मी पाहिली आहे. गोळीने ते होत नाही.

लीड्सची_सुनीता

मी इथे यूकेत रीनल वॉर्डला नर्स आहे. कबुतरांचं विचारलं का कुणी? आमच्याकडे हिस्टरी घेताना विचारतात.

जांभूळपान

आली कबुतरं. आता धागा दादरला जाणार.

चहाबाज

गेलाच! २०२५ मध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री घातली तेव्हा आमच्या सोसायटीचे दोन तट पडले होते. अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

न्यूरोनंदू

तो वाद मुख्यतः फुफ्फुसांच्या ॲलर्जीचा होता, पण संबंध आहे. क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि मातीत सापडतो. धुळीबरोबर श्वासातून आत जातो. बहुतेकांना काही होत नाही, ज्याच्या टी-पेशी दाबलेल्या आहेत त्याला होऊ शकतं. एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरू नये. आणि कबुतरं नसलेल्या घरातल्यांनाही हा आजार होतो, तेव्हा कबुतर नाही म्हणून शंका सोडायची नाही.

मधुरा_कराड

अपडेट देते.

काल रात्री रक्ताची पट्टी केली, पॉझिटिव्ह. वहिनीने सही केली. काकांना सिझेरियनचं सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पण सकाळी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. दाब ३८ आला. पाणी नितळ. इंडिया इंकमध्येही दिसलं. पाणी काढल्यावर अर्ध्या तासात दादा म्हणाला, उशी द्या, आता झोपता येईल. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा सपाट झोपला.

बुरशीवरचं औषध, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, चालू केलंय. त्याच्या जोडीचं फ्लुसायटोसिन लगेच मिळालं नाही, ते येईपर्यंत फ्लुकोनाझोल सोबत देतायत. पाणी उद्या परत काढणार. छातीच्या सीटीत उजवीकडे छोटी गाठ दिसली, बहुधा तीच सुरुवात. सोडियम आता १३३.

ओवी७

वहिनींना सलाम. आणि काकांनाही.

सिन्नरचा_बंड्या

माझा प्रेस गेला. चालायचंच. लवकर बरं वाटू दे त्यांना.

टॅक्रोताई

फ्लुकोनाझोल टॅक्रोलिमसची लेव्हल *वाढवतं*, फेनिटॉइनच्या बरोबर उलट. आणि फेनिटॉइन सुटलं तरी त्याचा परिणाम उतरायला दिवस लागतात. त्यामुळे पुढचे काही दिवस लेव्हल वरखाली होईल, वारंवार बघायला सांग. ॲम्फोटेरिसिनवर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पडतं, तेही रोज. लायपोसोमल किडनीला साध्यापेक्षा बरं, तरी क्रिएटिनिनवर नजर हवीच.

मधुरा_कराड

हो, नेफ्रोवाले टॅक्रोचा डोस कमी करतायत. मायकोफेनोलेट सध्या बंद. आईने विचारलं, सगळीच बंद का नाही करत?

न्यूरोनंदू

एकदम सगळी बंद केली तर दोन्हीकडून मार. किडनी रिजेक्ट होऊ शकते, आणि अचानक जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूतल्या बुरशीवर तुटून पडते, सूज वाढते, पेशंट बरा होता होता बिघडतो. एचआयव्हीतही या आजारात एआरटी लगेच चालू न करता काही आठवडे थांबतात ते याच कारणाने. पायरीपायरीनेच.

घाटावरचा

मूळ प्रश्नावर परत येतो. मग आता उद्यापासून ज्याचं डोकं दुखेल त्याने पाठीतलं पाणी काढायचं का? हे वाचून अर्धे लोक घाबरतील.

न्यूरोनंदू

नाही. वर्षानुवर्षं ठरावीक पद्धतीने दुखणारं डोकं, मध्ये पूर्ण बरं वाटणं, तपासणी नॉर्मल, प्रतिकारशक्ती धड, अशाला स्कॅनसुद्धा बहुधा लागत नाही. इथे चार गोष्टी एकत्र होत्या : टी-पेशी दाबणारी औषधं, *नवी* डोकेदुखी, आठवड्यांगणिक चढती, आणि वर फिट. यातली पहिली दोन जरी असली तरी मी वाट बघणार नाही. मायग्रेन एक्केचाळिसाव्या वर्षी, ट्रान्सप्लांटनंतर, पहिल्यांदाच सुरू झाला असं म्हणायला फार धाडस लागतं.

भातुकली

यात केमो चालू असलेले, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा ती महाग इंजेक्शनं घेणारे, महिनोन्महिने स्टेरॉइड खाणारे पण आले ना? पुष्कळांना आपण या गटात आहोत हेच माहीत नसतं. आमच्या शेजारच्या आजोबांचा दमा 'बारीक पांढऱ्या गोळीवर' आहे, ती काय गोळी ते त्यांना ठाऊक नाही.

न्यूरोनंदू

आले. आणि ताबा नसलेला मधुमेहही. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकर, म्हणजे ती 'काळी बुरशी', किती पाहिली आपण महाराष्ट्रात. तिथेही सुरुवात एका बाजूच्या डोकेदुखीने आणि गालाच्या दुखण्याने व्हायची. त्या आजोबांची गोळी नक्की बघा.

मधुरा_कराड

आज चौथ्यांदा पाणी काढलं, दाब १९. म्हणाले आता बहुतेक थांबू. दादा स्वतः मोबाईल बघतोय, हा धागा त्याला वाचून दाखवला. त्याचा एकच प्रश्न आहे, आणि तो मी जसाच्या तसा देते : 'बुलेट कधी चालवायची?'

चहाबाज

माणूस बरा होतोय. 😄

टॅक्रोताई

त्याला सांग, आधी ॲम्फोटेरिसिन संपू दे, मग फ्लुकोनाझोलच्या गोळ्या महिनोन्महिने आहेत. बुलेट पळून जात नाही.

न्यूरोनंदू

फिटची गोळी चालू आहे आणि डोक्यातला आजार अजून पुरता गेलेला नाही, तोवर दुचाकी नाही, पोहणं नाही, गच्चीच्या कठड्यावर बसणं नाही. पुढच्या ओपीडीत न्यूरोवाल्यांना त्याने स्वतः विचारावं. किती महिने ते त्याचा स्कॅन आणि पुन्हा फिट येते का यावर ठरेल. किल्ली सध्या वहिनींकडे असू द्या.

मधुरा_कराड

किल्ली काकांनी आधीच खिशात घातलीय.